फुटक्या कोषांचं रेशीम

नागेंद्रनं आणखी एक साडी फर्रकन उलगडली आणि त्रिशलाच्या ओठांवर आलेलं वाक्य पुन्हा आत गेलं.

शहापुरातलं मारुतीरावांचं साड्यांचं दुकान. बाहेर ऑगस्टची बुरबुर... छत्री उघडावी तर लाज वाटते, न उघडावी तर भिजायला होतं, अशी. आत पांढऱ्या गादीवर साड्यांचा ढीग आणि ढिगापलीकडं हा बोलका गडी. ती दारात चपला काढते न काढते तोच यानं "या, या, बसा. लग्न कधी धरलंय?" म्हणून जी सुरुवात केली होती, ती थांबायचं नाव घेत नव्हती.

"ही जांभळी बघा. ही नेसून तुम्ही बोहल्यावर उभारलात, की नवरदेव मंगलाष्टकं विसरतोय! काठ बघा. हात लावा, लाजू नका."

"मला साडी नकोय," त्रिशला एकदाची म्हणाली.

"मग? शालू दाखवू?"

"नुसतं रेशीम हवंय. न रंगवलेलं." तिनं समोरची साडी हातानं बाजूला सारली. "त्याचं... पाणी करायचंय."

नागेंद्रच्या हातातली जांभळी घडी तशीच अधांतरी राहिली. गल्ल्यावर पेंगणाऱ्या मारुतीरावांनी एक डोळा उघडला.

"ह्या गल्लीत रेशीम विणत्यात," नागेंद्र हळूहळू म्हणाला, "नेसत्यात. सुनंला दिलं न्हाई म्हणून भांडत्यात. खरं त्याचं पाणी करणारं गिऱ्हाईक आज पयलंच बघतोय मी."

आणि त्रिशला हसली. अगदी खुदकन. हसल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं, कारण असं हसून बरेच दिवस झाले होते.

मग तिनं समजावून सांगितलं. मोडलेलं हाड जोडायला डॉक्टर स्क्रू बसवतात ना, त्या स्क्रूवर ती रेशमाच्या पाण्याचा पातळ पापुद्रा चढवते. त्यावर औषध. पुन्हा पापुद्रा, पुन्हा औषध... थरावर थर. मग ते औषध हाडात हळूहळू उतरत राहतं आणि नवं हाड धरायला मदत होते.

"म्हणजे स्क्रूला साडी नेसवताय की तुम्ही!"

"नऊवारी," त्रिशला म्हणाली, आणि आपण अनोळखी माणसाला असं उत्तर दिलं कसं म्हणून कानापर्यंत लाल झाली.

"अजून एक अट आहे," ती घाईघाईनं म्हणाली. "किडा मारून काढलेलं रेशीम नको. पाखरू आपलं आपण कोष फोडून उडून गेलेलं हवं."

नागेंद्रनं तिच्याकडं निरखून बघितलं. "जैन काय तुम्ही?"

"होय. निपाणीची."

"तरीच. बघतो मी. शब्द देत न्हाई, खरं बघतो." असं म्हणून त्यानं कॉलेजचा पत्ता मात्र तीनदा विचारून घेतला.

त्रिशला शहापूरजवळच अनगोळात मालुबाईंच्या माडीवर भाड्याच्या खोलीत राहायची. औषधनिर्माणशास्त्रात पीएच.डी. करत होती. निपाणीहून निघताना तिच्या आईनं, तारामतीनं, तिच्याकडून दोन वचनं घेतली होती. जीव मारून काढलेलं रेशीम ना अंगाला लावायचं, ना कामाला. आणि चातुर्मासात दिवस मावळायच्या आत जेवायचं. पहिलं अवघड, दुसरं सोपं, असं तेव्हा तिला वाटलं होतं. झालं उलटंच.

निपाणीच्या घरी संध्याकाळी आप्पा गोठ्याकडून हाक मारायचे, "त्रिशलाऽ, सूर्य चालला गं!" ती हाक आली की माडीवरचे, परड्यातले, शेजारी गप्पा हाणत बसलेले, सगळे धावत यायचे आणि एका ओळीत ताटावर बसायचे. आप्पा, म्हणजे तिचे वडील रायाप्पा, हाक मारायला कधी एक दिवस विसरलेले तिला आठवत नव्हते.

इथं कोण हाक मारणार? प्रयोगशाळेतल्या पोरी रात्री नऊला कँटीनमध्ये कलकलाट करत जेवायच्या. तेव्हा ही बाजूला पाणी पीत बसायची. पहिल्या पहिल्यांदा पोरींनी आग्रह केला, मग सोडून दिला, मग बोलावणंही सोडलं. कुणाचा राग नव्हता तिच्यावर, नुसतं राहून गेलं. संध्याकाळी मोबाइलवर लावलेला गजर वाजला, की कॉलेजच्या मागच्या पायरीवर ती एकटी डबा उघडायची. एक भाकरी, दोडक्याची भाजी, बिनलसणाची शेंगाचटणी. आईचा फोन आला की "होय गं, मैत्रिणींबरोबर जेवले" म्हणून ठोकून द्यायची. माणसानं भरलेल्या गावात एकटं पडणं फार वाईट. रडायलाही कारण सापडत नाही.

त्यात काम फसलेलं. पाखरू उडालेल्या कोषांचं मूठभर रेशीम हाताशी होतं, त्याचे थर नीट चढायचे, पण स्क्रू मिठाच्या पाण्यात ठेवून बघितला की औषध पहिल्याच दिवशी सगळं बाहेर! तिच्या मार्गदर्शक प्रियदर्शनी मॅडम तोंडाच्या फटकळ. "त्रिशला, हे हाड आहे का पहिल्यांदा आलेला जावई? एकाच दिवशी सगळं वाढून मोकळं व्हायचं? हाड जुळायला आठवडे लागतात गं!"

शहापूरच्या त्या बोलक्याला ती विसरूनही गेली होती. खोटं कशाला बोला... विसरली नव्हती. अशात एका संध्याकाळी पायरीसमोर स्कूटर थांबली आणि मागच्या पोत्यासकट नागेंद्र उतरला.

"खानापूरच्या बाजूला भरमू म्हणून एक शेतकरी हाय," तो तिथूनच सुरू झाला. "पावसानं रस्ता तुटला, कोष बाजाराला न्यायला उशीर झाला. पाखरं भोकं पाडून गेली निघून! फुटक्या कोषाला कोण विचारतंय? पोतं तसंच पडलेलं. म्हटलं, द्या मला. विचारणारी हाय एक."

त्यानं एक कोष तिच्या तळहातावर ठेवला. पांढरा, हलका, एका टोकाला भोक. त्रिशलानं त्या भोकातून आत बघितलं. खरंच रिकामा होता.

"काय देऊ मी तुम्हाला?"

"भाकरी द्या. वास आल्यापासनं पोटात कावळे ओरडाय लागलेत."

"एकच आहे."

"मग अर्धी."

अर्ध्या भाकरीवर चटणी घेऊन तो पायरीवर ऐसपैस बसला. "आमच्यात नऊशिवाय ताट मांडत न्हाईत," तोंड भरलेलं असतानाच तो म्हणाला. "आई बघंल तर म्हणंल, पोराला काय झालं."

काय झालं ते आईला नसेल कळलं, आपल्याला कळायला हरकत नाही. कारण त्यानंतर दर दोन-चार दिवसांनी नागेंद्र "कोष पुरल्यात काय बघायला आलतो" म्हणून टपकायला लागला. पोतं वर्षभर पुरेल एवढं! तिलाही ते ठाऊक होतं. तीही गंभीरपणे "आहेत अजून थोडे" म्हणायची. डब्यात एकीच्या दोन भाकऱ्या झाल्या. 'अहो'चं 'अरे' झालं. आणि गजर? तो वाजायच्या आतच ती बंद करून टाकायची. स्कूटरचा आवाज लांबून ओळखू यायचा ना!

बोलायचा मात्र तोच. घरातला हातमाग बाबा गेल्यापासून बंद आहे, तरी आई रोज त्याच्यावरची धूळ झटकते. मारुतीराव झोपेतही गिऱ्हाईक ओळखतात. कुठली बाई कुठली साडी घेणार ते तिच्या नणंदेकडं बघून कळतं. तो सांगायचा, ती ऐकायची. आपलं काही सांगावं असं तिच्या मनात यायचं, पण ओठाशी येऊन परत फिरायचं.

एका दिवशी पावसानं उघडीप दिली. त्रिशला थर चढवत होती आणि नेमका स्कूटरचा आवाज आला. एरवी प्रत्येक थर ती पंख्याखाली लगेच वाळवायची. त्या दिवशी घाईत स्क्रूंचं तबक नुकत्याच धुतलेल्या, ओल्याच डब्यात ठेवलं, धूळ नको म्हणून झाकण लावलं आणि केसांवरून हात फिरवत खाली पळाली.

जेवणं झाल्यावर नागेंद्रनं खिशातून मिठाईचा पुडा काढला. कुंदा. त्रिशलानं वर बघितलं. सूर्य बुडाला होता.

"उद्या खाईन मी," ती ओशाळून म्हणाली.

"मग मीबी उद्याच खातो." त्यानं पुडा तसाच मिटला. आणि एवढ्याशा गोष्टीनं ती बोलायला लागली. निपाणी, गोठा, एका ओळीतली ताटं, आप्पांची हाक. "इथं मला कुणी हाक मारत नाही रे," ती म्हणाली, "म्हणून मी गजर लावलाय." त्या दिवशी ती सांगत होती आणि तो ऐकत होता. फाटक लावायला वॉचमन येईपर्यंत दोघं उठली नाहीत. वर जाऊन तिनं उरलेले थर भराभर चढवले, प्रत्येक वेळी तोच ओला डबा, तेच झाकण, आणि मन खाली पायरीवर.

त्या खेपेच्या स्क्रूंनी कमाल केली. पहिल्या दिवशी थोडंसं औषध उतरलं, दुसऱ्या दिवशी थोडंसं. आठवडा उलटला तरी उतरतंच होतं! प्रियदर्शनी मॅडमनी तिला चक्क मिठी मारली. "पुन्हा करून दाखव. मगच खरं."

पुन्हा काही होईना. पंख्याखाली वाळवलेले थर पहिल्यासारखेच एका दिवसात मोकळे. त्रिशला डोकं धरून बसली, आणि त्याच संध्याकाळी नागेंद्र पायरीवर बसला तो भाकरीला हात न लावता.

"मारुतीराव बेंगळुरात दुकान काढाय लागलेत," तो म्हणाला. "कन्नड, मराठी, दोन्ही येणारा माणूस पायजे त्यांना. मला जा म्हणत्यात." मग तिच्याकडं बघत, "...जाऊ काय?"

अगं बाई, तो रजा मागत नव्हता तुझ्याकडं! थांबायला निमित्त मागत होता. पण त्रिशलाच्या मनात घोळत राहिलं ते भलतंच. मी कोण याला अडवणारी? आईला काय सांगणार? जातीबाहेरचा, नऊला जेवणारा...

"जा की," ती डब्याकडं बघत म्हणाली. "चांगलं आहे. छान झालं."

"छान झालं," तो म्हणाला. अर्धी भाकरी तशीच ठेवून उठला. स्कूटर सुरू व्हायला त्या दिवशी उगीचच वेळ लागला.

मग आला नाही. गजर पुन्हा वाजायला लागला. सवयीनं भाकऱ्या मात्र दोनच व्हायच्या आणि एक उरायची. संध्याकाळी ती उरलेली भाकरी झाकताना तिला इतकं एकटं वाटायचं, की आधीचं एकटेपण बरं म्हणावं. तेव्हा निदान काय नाही ते ठाऊक नव्हतं.

अशीच एकदा डबा धुवून पालथा घालताना ती थबकली. ओला डबा! त्या दिवशी थर वाळलेच नव्हते लगेच. झाकणाखाली, ओलसर हवेत, लोणच्यासारखे मुरले होते. म्हणून पापुद्रा घट्ट झाला, म्हणून औषध हळू उतरलं. पण पहिला थर मुरायला ठेवला तो किती वेळ? दोघं बसली होती तेवढा वेळ. आणि घड्याळाकडं तर तिनं बघितलंच नव्हतं.

आता कुणी म्हणेल, वेगवेगळा वेळ ठेवून बघायचं की, त्यात काय एवढं! तेही ती करणारच होती. पण विचारायला जायला निमित्त मिळालं होतं, आणि दुकानात फोन केला तर कळलं, उद्या सकाळी नागेंद्रची गाडी आहे.

दुकानात गर्दी. संकेश्वरहून लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या पाच-सहा बायका गादी अडवून बसलेल्या. नागेंद्र साड्या उलगडत होता, पण तोंड मिटलेलं. मारुतीराव गल्ल्यावरून काळजीनं त्याच्याकडं बघत होते.

"त्या संध्याकाळी आपण किती वेळ बसलो होतो?" त्रिशलानं दारातूनच विचारलं.

नागेंद्रनं मान वर केली. "कुठल्या?"

"कुंद्याच्या. मला... कामासाठी हवंय."

त्यानं हातातली साडी खाली ठेवली.

"तू डबा उघडलास तवा समोरच्या चिंचेवर बगळे उतरत हुते," तो म्हणाला. "मोठी भाकरी मला दिलीस. मग कुंदा काढला, तर सूर्य गेलेला. मग तू आप्पांच्या हाकंचं सांगायला लागलीस. तुझा हात उष्टाच राह्यला, तसाच वाळला. रस्त्यावरचे दिवे लागले. डास आले. वॉचमन आला तर तू म्हणालीस, 'काका, थांबा की जरा.' नेमका वेळ मला ठाव न्हाई त्रिशला. घड्याळ काढून खिशात ठेवलतं मी."

"का?"

"बघितलं असतं तर उठायला लागलं असतं."

बस्त्याच्या बायकांचे हात साड्यांवरच थांबले. त्रिशलानं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं... मिटलं... पुन्हा उघडलं. सवयीप्रमाणं शब्द ओठाशी येऊन परत फिरायला लागले.

"सांग की गं बाई काय ते," संकेश्वरची एक म्हातारी कळवळून म्हणाली. "आमची बस सुटंल!"

आणि मग फुटलंच सगळं.

"मी वेळ विचारायला आलेली नाही! म्हणजे वेळ हवाय, पण त्यासाठी आले नाही. 'छान झालं' म्हणाले ते खोटं होतं. काही छान नाही. तू यायचास तेव्हा मी गजर बंद करून ठेवायचे. आता तो वाजतो आणि मला रडू येतं. भाकऱ्या अजून दोन करते, एक उरते. तू मारुतीरावांना शब्द दिलायस, तो मोड म्हणत नाही मी. पण तू मला न सांगता जाऊ नयेस म्हणून... नाही, मीच तुला न सांगता जाऊ देऊ नये म्हणून... मला तू आवडतोस. लई आवडतोस. झालं!"

नागेंद्र तिच्याकडं बघतच राहिला. मग बारीक आवाजात म्हणाला, "हे तर... तुझ्या औषधागत सगळं एकदमच सुटलं की."

त्रिशला रडत रडत हसली.

"एवढ्या साड्या हाईत," त्यानं गादीभर पसरलेल्या ढिगाकडं हात केला, "आणि तुला नेसवावी अशी एकबी न्हाई गं ह्यात. सगळ्या मारलेल्या किड्यांच्या."

त्रिशलानं डोळे पुसले. "पोत्यात कोष उरलेत अजून," ती म्हणाली. "खूप उरलेत."

त्याला कळायला क्षणभर लागला. मग त्याचा चेहरा असा उजळला, की म्हातारीनं शेजारणीला कोपरानं ढोसलं.

"घरातला माग बंद हाय," तो म्हणाला. "खरं मोडलेला न्हाई. फुटक्या कोषाचा धागा सलग निघत न्हाई पण. कापसासारखं कातायला लागतंय. लई दिवस लागतील."

"लागू देत. मलाही घरी सांगायला दिवस लागतील."

"ती जांभळी बांध मला," म्हातारी मधेच म्हणाली. "तुमच्या दोघांच्या नादात आमची बस गेलीच."

गाडी मात्र चुकली नाही. सकाळी नागेंद्र बेंगळुरूला गेला. असं नाही, की कुणी धावत येऊन त्याला थांबवलं, की मारुतीराव विरघळले. शब्द तो शब्द. त्रिशला स्टँडवर गेली, त्याच्या हातात चटणीची बाटली दिली, "येते मी," म्हणाली आणि मागं न बघता अनगोळकडं चालत सुटली. दिवसभर तिनं ओल्या डब्यात थर मुरवले. कमी वेळ, जास्त वेळ, आणि मधला.

संध्याकाळी ती पायरीवर येऊन बसली. पायरी रिकामी, चिंचेवर बगळे. दोन भाकऱ्यांचा डबा मांडीवर. वाजणाऱ्या गजराची वाट बघत ती बसली आणि मोबाइल वाजला. गजर नव्हता.

"त्रिशलाऽ, सूर्य चालला गं!"

तिच्या हातातलं झाकण पायरीवर घरंगळत गेलं.

"ऐकू येतंय न्हवं?" मागं नव्या दुकानातली खडखड, फळ्या ठोकल्याचे आवाज. "जेवायला बस. मी आत्ताच जेवलो. इथला मालकाचा माणूस विचारतोय, 'ईग ऊटा?' आत्ताच जेवण? म्हटलं, व्हय, आमच्यात आत्ताच जेवत्यात."

"आमच्यात?" त्रिशलानं विचारलं.

"इथं सूर्य जरा आधी बुडतोय गं. माझा गेला. तुझा अजून हाय. सावकाश जेव. मी फोन ठेवत न्हाई."

तिनं मोबाइल पायरीवर टेकवला, जिथं तो बसायचा तिथं, आणि भाकरी मोडली. चिंचेमागं अजून थोडा उजेड होता. पलीकडून तो काहीबाही सांगत होता आणि ती जेवत होती. त्या दिवशी दुसरी भाकरीही तिनंच संपवली.